हाक आणि आवतण : गुरावासरांना चारापाण्याला बोलावण्याच्या रीती

मराठीत अंतर सांगण्याची एक जुनी रीत आहे. घर किती लांब आहे, असे विचारले की खेड्यातील माणूस 'हाकेच्या अंतरावर' असे उत्तर देतो. कोस आणि मैल ही सरकारदरबारची मापे. गावाचे माप मात्र माणसाच्या घशावर आणि जनावराच्या कानावर ठरत आले. याच 'हाक' शब्दाच्या मुळापासून 'हाकणे' हे क्रियापद आले आहे. हाक म्हणजे जवळ बोलावणे आणि हाकणे म्हणजे पुढे घालणे, पिटाळणे. दोन्ही क्रिया एकाच आवाजाने होतात, परंतु त्यांची दिशा उलट असते. हाकारा, हाकाटी, शिकारीसाठी रान उठवणारा हाका हे सारे याच कुळातले शब्द. पशुपालकांच्या बोलीचा अभ्यास करावयाचा तर या दोन टोकांपासूनच आरंभ करावा लागतो, कारण ज्या समाजात जनावरे राखली जातात त्या समाजात कोणाला हाक मारायची आणि कोणाला हाकायचे याचे नियम फार काटेकोर असतात. ते नियम जनावरांपुरतेच राहत नाहीत, हे आपण पुढे पाहू.

आपल्या निवासी शाळेत येणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या आजीआजोबांनी कधी ना कधी गुरे राखली आहेत. कोणी स्वतःची, बहुतेकांनी दुसऱ्याची. त्या पिढीच्या जिभेवर जे ध्वनी होते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात आलेले नाहीत. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाने आणि त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीने अनुकरणवाचक शब्दांना मोठ्या मनाने जागा दिली. त्यानंतर मात्र छापील मराठीने या ध्वनींकडे पाठच फिरवली. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना फार तर केवलप्रयोगी अव्ययाच्या प्रकरणात एखादी ओळ मिळते.

प्रथम हे ध्वनी कोणते ते पाहू. कुत्र्याला बोलावताना 'यू यू', त्याला कोणावर सोडताना 'छू' आणि घालवताना 'हाड' हे तीन शब्द शहरातील मुलालाही ठाऊक असतात. मांजराला 'मनी मनी' म्हणून बोलवायचे आणि 'शुक शुक' करून हाकलायचे. पिकावरच्या पाखरांना माळ्यावरून 'हुर्र' करायचे. कोंबड्यांना दाणे टाकताना आमच्या आजोळी 'ती ती ती' असा द्रुत आवाज काढीत. पलीकडच्याच गावात 'आ आ आ' म्हणत. बैलाला चालवताना जिभेचा 'च् च्' किंवा 'ट् ट्' असा आवाज होतो, थांबवताना लांबवलेला 'होऽऽ' येतो. बैल पाण्यावर नेला की मात्र शब्द संपतात आणि शीळ सुरू होते. जनावर पाण्याला तोंड लावेपर्यंत आणि पोटभर पिईपर्यंत शेतकरी हलक्या, एकसारख्या लयीत शीळ घालीत उभा राहतो. शीळ थांबली तर बैल मान वर करतो, असे अनुभवी माणसे सांगतात. शेळ्यामेंढ्यांसाठी जिभेचे टोक टाळूजवळ थरथरवून काढलेला दीर्घ 'र्र्र' आहे. धनगराच्या तोंडचा तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. दिवाळीनंतर घाटावरून कोकणाकडे उतरणारे धनगर पावसाळ्यापूर्वी परत फिरतात. शेकडो मेंढरे एका वाटेवर राखण्यासाठी त्यांच्याजवळ काठी, कुत्री आणि हा एक ध्वनी एवढेच साधन असते.

हे ध्वनी लिहून दाखवताना माझी लेखणी अडखळते आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. त्याचे कारण शास्त्रीय आहे. मराठीची वर्णमाला फुप्फुसातून बाहेर येणाऱ्या श्वासावर उभी आहे. बैलाला चालवणारा 'च् च्' हा ध्वनी मात्र श्वास बाहेर सोडून होत नाही; जीभ टाळूला चिकटवून ती ओढून घेतल्याने तो होतो. असे ध्वनी नेहमीच्या शब्दांतील व्यंजने म्हणून दक्षिण आफ्रिकेतील झुलू, खोसा यांसारख्या भाषांत वापरले जातात. आपल्याकडे ते केवळ जनावरांशी बोलताना, तान्ह्या मुलाला खेळवताना किंवा हळहळ व्यक्त करताना येतात. म्हणजे ज्या शेतकऱ्याला आपण एकभाषी समजतो तो वस्तुतः दोन ध्वनिव्यवस्था बाळगून असतो : एक माणसांसाठी आणि एक दावणीसाठी. दुसरीला लिपी नाही, म्हणून तिची गणना नाही. लिपीबाहेर राहिलेल्या माणसांचेही तसेच होत आले आहे.

या ध्वनींची निवड वाटेल तशी झालेली नाही. वरची उदाहरणे पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत. जवळ बोलावणारे किंवा चालना देणारे ध्वनी तोकडे, तुटक, भराभर उच्चारलेले असतात : ती-ती-ती, यू-यू, च्-च्. थांबवणारे ध्वनी लांब आणि उतरत्या सुराचे असतात : होऽऽ. पॅट्रिशिया मॅकॉनेल या अमेरिकी संशोधिकेने निरनिराळ्या भाषा बोलणारे मेंढपाळ, घोडे शिकवणारे आणि श्वानशिक्षक यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा हाच भेद तिला भाषाभाषांतून आढळला. शब्द वेगळे, पण ध्वनीचा घाट एकच. आखूड आणि वारंवार येणारा स्वर प्राण्याला उत्तेजित करतो, लांब एकेरी स्वर त्याला शांत करतो.

कानाचीही बाजू आहे. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे आवाज ऐकू येतात. गाईला सुमारे २३ पासून ३५,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे आपल्याहून बरेच उंच. आठ हजार हर्ट्झच्या आसपास तिचा कान सर्वांत तल्लख असतो. म्हणून शीळ, 'च्'कार, 'स'कार, बादलीच्या कडीचा किणकिणाट हे आवाज तिच्यापर्यंत चटकन पोहोचतात. उलट आवाज नेमका कोठून आला हे ओळखण्यात गाय कच्ची आहे. माणूस एखाद्या अंशाचा फरक ओळखतो. गाईला तीसेक अंशांचा फरक लागतो. हे कळल्यावर एका जुन्या रीतीचा उलगडा होतो. सांजवेळी गुरे बोलावणारा माणूस रोज त्याच उंचवट्यावर उभा राहतो, एकाच हाकेवर थांबत नाही, पुन्हा पुन्हा साद घालतो. जनावर मान वर करते, कान फिरवते, डोळ्यांनी माणूस शोधते आणि मगच पाऊल उचलते. आजोबांना हर्ट्झ ठाऊक नव्हते. उंचवटा ठाऊक होता.

तरीही केवळ आवाजाने जनावर येत नाही. आवाजामागे गव्हाण असावी लागते. आंबोणाची पाटी, सरकी-पेंडीचा वास, हिरव्या वैरणीची पेंढी यांची आणि हाकेची सांगड वासराच्या वयातच घातली जाते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून हा संबंध जगाला समजावून दिला. (त्यांना १९०४ मध्ये मिळालेले नोबेल पारितोषिक पचनक्रियेवरील संशोधनासाठी होते, खाण्यापूर्वीच सुटणारी लाळ मोजता मोजता ते या विषयाकडे वळले.) अन्नाआधी रोज एक खूण मिळत गेली की काही दिवसांनी ती खूणच अन्नासारखे काम करते. यात एक करार दडलेला आहे. हाक मारून गव्हाण रिकामी ठेवली तर पहिल्या दिवशी जनावर फसते, चौथ्या दिवशी ते येत नाही. म्हणून खोटी हाक मारू नये, असे घरातील थोर माणसे मुलांना बजावीत.

दुधाच्या जनावराच्या बाबतीत हा संबंध आणखी खोल आहे. धार काढण्यापूर्वी गाय किंवा म्हैस पान्हवली पाहिजे. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात येते, ते कासेपर्यंत पोहोचते आणि दुधाच्या सूक्ष्म पिशव्या आकसून दूध खाली उतरते. त्याचा प्रभाव काही मिनिटेच टिकतो. वासराची ढुशी, ओळखीच्या माणसाचा आवाज, बादलीची खडखड, पुढ्यात आलेले आंबोण यांपैकी कशानेही हा पान्हा सुटू शकतो. भीतीने तो आटतो, कारण घाबरलेल्या जनावराच्या रक्तातील ॲड्रेनलिन त्याच्या आड येते. म्हैस या बाबतीत गाईहून हट्टी असते. हात बदलला, हाक बदलली तरी ती दूध चोरते. शेतकरी बाई 'ये गं माझे बाय' म्हणत पाठीवर थाप देते, ते कौतुकासाठी असते तसे दुधासाठीही असते.

आता आपण आपल्या उपनगरात येऊ. गोरेगावचा आरे दुग्ध वसाहत हा परिसर आपल्या शाळेच्या सहलींमुळे बहुतेक माजी विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. शहरातील दाटीवाटीचे गोठे बाहेर हलवून स्वच्छ दूध मिळावे म्हणून १९४९ मध्ये ही वसाहत उभी राहू लागली आणि १९५१ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिचे शिल्पकार दारा खुरोडी यांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मिळाला. सुमारे १२८७ हेक्टर जमीन, बत्तीस गोठे आणि सोळा हजारांच्या घरात जनावरे असे तिचे वर्णन केले जाते. अंधेरी, जोगेश्वरीपासून मालाडपर्यंत खासगी तबेल्यांचीही दीर्घ परंपरा आहे.

या तबेल्यांत हाकेचे काय झाले? उत्तर असे, की हाक नाहीशी झाली. तबेल्यातील म्हैस चरायला जात नाही, म्हणून तिला परत बोलवावे लागत नाही. ती दावणीला उभी असते आणि चारा तिच्याकडे चालत येतो. येथे उलट तीच माणसाला हाक मारते. पहाटेच्या धारेची वेळ झाली आणि भय्याला उशीर झाला, की एका टोकाला एक म्हैस रेकते आणि पाहता पाहता सारा गोठा दुमदुमतो. हरयाणातील मुऱ्हा, गुजरातेतील जाफराबादी आणि मेहसाणा म्हशी, उत्तर प्रदेशातून आलेले गवळी आणि मुंबईची गिऱ्हाइके, अशा या संगमात हाकेची भाषा कोणती असणार? पाण्याची मोटर सुरू झाल्याचा आवाज आणि खुराकाच्या घमेल्याचा आवाज हीच तेथील भाषा.

हाकेबरोबर नावही गेले. खेड्यातील चार जनावरांच्या दावणीला चंद्री, कपिली, ढवळ्या, पवळ्या अशी नावे असत. शंभर म्हशींच्या गोठ्यात ते कसे जमणार? आता तर देशभरातील गुरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. लसीकरणासाठी, विम्यासाठी तो उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही. पण बारा आकड्यांनी कोणी हाक मारू शकत नाही. आणि जेथे हाकेने, वासराच्या स्पर्शाने पान्हा सुटायचा तेथे काही ठिकाणी सुई आली. पारडू जगवणे परवडत नाही म्हणून ते दुर्लक्षिले जाते. मग मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभे करणे ही जुनी युक्ती, किंवा ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन ही नवी. दूध वाढवण्यासाठी जनावराला असे टोचणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. आपल्या घरी दुधाची पिशवी घेताना हा विचार करणे कोणाला भाबडेपणाचे वाटेल. मला तो हिशेबाचा भाग वाटतो.

तथापि उपनगरातून हाक पूर्णपणे गेलेली नाही. आरेच्या झाडीतील आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतचे वारली पाडे आजही कोंबड्या आणि शेळ्या बाळगून आहेत. १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात आणि त्याच्या भोवताली चाळीसहून अधिक बिबटे असल्याचे छायाचित्र-सापळ्यांच्या पाहणीत दिसून आले आहे. पाड्यावरच्या सांजवेळेच्या हाकेला म्हणूनच घड्याळ असते. उजेड सरण्यापूर्वी कोंबड्या खुराड्यात, शेळ्या कुडाच्या आत आल्या पाहिजेत. दाणे मूठभरच असतात, पण ते नेमक्या वेळी आणि नेमक्या जागी टाकायचे, म्हणजे पाखरू स्वतःहून घराकडे वळते. जी आली नाही ती रात्री बाहेर राहिली, आणि बाहेर राहिली ती वाघोबाची. याच वाघोबाला वारली लोक देव मानतात, त्याची स्थाने पूजतात. भय आणि आदर यांची ही वाटणी समजण्यासाठी पाड्यावर एक संध्याकाळ काढावी. पलीकडच्या रस्त्यावर त्याच वेळी लाखो माणसे घराकडे परतत असतात.

परदेशांतही अशीच परंपरा आहे. स्वीडनच्या डोंगराळ कुरणांत उन्हाळ्यात गुरे घेऊन राहणाऱ्या स्त्रियांनी अतिशय उंच पट्टीतील एक गायनप्रकार घडवला. 'कुल्निंग' हे त्याचे नाव. ही साद दऱ्या ओलांडून जाते आणि गाई ती ऐकून रानातून परततात. स्वित्झर्लंडमधील गुरे बोलावण्याच्या सुरांविषयी रूसोने आपल्या १७६८ च्या संगीतकोशात लिहिले आहे, की परमुलखात लढणाऱ्या स्विस सैनिकांपुढे ते वाजवण्यास मनाई होती. ऐकून ते रडत, पळून जात. गुरांसाठीची हाक माणसांनाच घरी बोलावू लागली, असा याचा अर्थ. आपल्या वसतिगृहातील पहिल्या महिन्यात एखादा लहान विद्यार्थी कशाने रडू लागेल हे सांगता येत नाही, हे येथील गृहपालांना वेगळे सांगायला नको.

भारतीय साहित्यात गुराख्याचे बारकाईने निरीक्षण कोणी केले असेल तर ते पालि तिपिटकाने. मज्झिम निकायात 'महागोपालक' आणि 'चूळगोपालक' अशी दोन सुत्ते एकापाठोपाठ (३३ वे आणि ३४ वे) आहेत. पहिल्यात कुशल गुराख्याची अकरा लक्षणे सांगितली आहेत. तो प्रत्येक जनावराचे रूप ओळखतो, खुणा ओळखतो, अंगावरची माश्यांची अंडी काढून टाकतो, जखम झाकतो, गोठ्यात धूर करतो. पाण्याचा उतार जाणतो, जनावर पुरेसे पाणी प्यायले की नाही हे जाणतो, वाट जाणतो, चराऊ रान जाणतो. दूध काढताना कास पुरती पिळून घेत नाही, वासरासाठी काही शेष ठेवतो. आणि कळपाचे पुढारपण करणाऱ्या थोर बैलांचा विशेष मान राखतो. भगवंतांनी हे भिक्खूंच्या गुणांना उपमा म्हणून सांगितले. पण उपमा अशी नेमकी द्यायला गोठा जवळून पाहिलेला असावा लागतो. 'शेष ठेवून दोहणारा' या अर्थाचा 'सावसेसदोही' हा एक शब्द मला अर्थशास्त्राच्या अनेक पानांहून वजनदार वाटतो. या अकरांत हाक मारणे नाही, हे प्रथम खटकते. विचार केल्यावर वाटते, की ही अकरा कामे जो करतो त्याच्या हाकेला जनावर येतेच. बाराव्या लक्षणाची गरज उरत नाही.

हाकेचा उल्लेख दुसऱ्या सुत्तात आहे आणि तो अनपेक्षित ठिकाणी आहे. वज्जी देशात उक्काचेला येथे गंगेच्या तीरावर भगवान दोन मगधवासी गुराख्यांची गोष्ट सांगतात. पावसाळ्याच्या अखेरच्या महिन्यात एक मूर्ख गुराखी अलीकडचा आणि पलीकडचा काठ न पाहता, उतार नसलेल्या ठिकाणी गुरे पाण्यात घालतो. मध्यधारेत गुरे भोवऱ्यात सापडून नष्ट होतात. शहाणा गुराखी दोन्ही काठ पाहतो, उतार शोधतो. आधी कळपाचे पुढारी बैल, मग बळकट जनावरे, मग खोंड आणि कालवडी, मग वासरे, आणि शेवटी नुकतेच जन्मलेले, दुबळे वासरू. ते वासरू कशाच्या बळावर पैलतीर गाठते? पोहण्याची शक्ती त्याच्यात नाही. ते आईच्या हंबरण्यामागे वाहत जाते आणि तरते. सुत्तात हे वासरू म्हणजे नुकताच मार्गावर आलेला, धम्म आणि श्रद्धा यांच्या आधाराने चालणारा साधक होय.

जातककथांतील अठ्ठाविसावी 'नंदिविसाल' ही कथा तर सर्वस्वी हाकेचीच कथा आहे. गांधारातील तक्षशिलेत एका ब्राह्मणाने एक खोंड पेज आणि भात घालून लेकरासारखे वाढवले. मोठा झाल्यावर बैलाने मालकाला सांगितले, मी शंभर भरलेल्या गाड्या एकदम ओढीन. हजाराची पैज लाव. ब्राह्मणाने गाड्यांत वाळू आणि दगडगोटे भरले, त्या एकामागे एक बांधल्या, बैलाला माळ घातली, जुंपला आणि पराणी उगारून ओरडला, चल रे लुच्च्या! बैल खांबासारखा उभा राहिला. पैज गेली. दुःखाने अंथरुण धरलेल्या ब्राह्मणाला बैल विचारतो : इतकी वर्षे तुझ्या घरी राहिलो, कधी मडके फोडले, कोणाला चेंगरले, भलत्या जागी घाण केली? मग लुच्चा कशासाठी म्हणालास? आता दोन हजारांची पैज लाव आणि मला वाईट शब्दाने हाक मारू नकोस. दुसऱ्या खेपेस ब्राह्मणाने त्याला 'भद्रा' म्हणून हाक मारली. बैलाने अशी ओढ घेतली, की शेवटची गाडी पहिल्या गाडीच्या जागी येऊन थांबली. सहकाऱ्यांना कठोर शब्द बोलणाऱ्या भिक्खूंना उद्देशून ही कथा सांगितली आहे.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने ही कथा ऐकली असो वा नसो, वर्षातून एक दिवस तो ती पाळतो. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा तेल किंवा तूप आणि हळद लावून मळतात, आणि त्याच्या कानाशी त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. पाहुण्याला द्यावे तसे, त्याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी रंगवलेल्या शिंगांचा, झूल घातलेला बैल दाराशी येतो, त्याचे पाय धुतले जातात आणि त्याला पुरणपोळी भरवली जाते. कोठे श्रावण अमावास्येला, कोठे भाद्रपद अमावास्येला. कोल्हापूर-साताऱ्याकडे आषाढात बेंदूर म्हणून. गुरांना खायला बोलावण्याच्या साऱ्या जगातील रीतींमध्ये इतकी सभ्य रीत मला दुसरी आढळलेली नाही.

परंतु येथेच अभ्यासकाला थबकावे लागते. ज्या गावात बैलाला आवतण जात होते, त्याच गावात ते आवतण वेशीबाहेरच्या वस्तीला जात नव्हते. बैल सर्जा होता, राजा होता; त्याला राखणारा मुलगा 'ए पोऱ्या' होता. महार वतनात तर हाक हीच नोकरीची अट होती. येसकराच्या पाळीला असलेल्या माणसाला गावाने केव्हाही, दिवसा वा रात्री, हाक मारावी आणि त्याने 'जोहार मायबाप' म्हणत हजर व्हावे. कामाचे तास नाहीत, वेतनाचा नियम नाही. जिवंत बैलाला पाहुण्याचा मान मिळे आणि तो मेला की त्याला ओढून नेण्यासाठी हाक महारवाड्यात येई. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे जे आवाहन केले, ते या हाकेला दिलेला नकार म्हणूनही वाचता येते. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्षात रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. मधल्या काळात 'जोहार' गेला आणि 'जय भीम' आला. हाक देणारा आणि ओ देणारा एकाच शब्दाने एकमेकांना बोलावू लागले, ही भाषेच्या इतिहासातील साधी घटना नव्हे.

त्यामुळे आपल्या समाजात गुरे राखण्याच्या आठवणींविषयी एक संकोच आहे आणि तो समजण्याजोगा आहे. शिकलेल्या मुलाला आजोबा कोणाची गुरे राखत होते हे सांगायचे नसते. मला मात्र वाटते, की वतन आणि विद्या यांत भेद करावा. मेलेले ढोर ओढणे हे लादलेले काम होते. ते सोडले ते योग्यच झाले. जिवंत जनावराची भाषा जाणणे ही विद्या होती. चाळीस जनावरांची रूपे ओळखणे, कोण पाणी प्यायले नाही हे ध्यानात ठेवणे, एका शिळेवर कळप वळवणे या गोष्टी येणारा दहा वर्षांचा मुलगा निरक्षर असेल, अडाणी खचित नव्हता. सुत्तातील अकरा लक्षणे त्याच्याजवळ होती. त्याच्या मजुरीची भाकर दुसऱ्याच्या हाती होती, एवढेच.

या विद्येची नोंद आता जी झाली तीच. ट्रॅक्टर आल्यापासून बैल घटले, वैरण महागली, गुराखी शाळेत गेले आणि ते जाणे अत्यंत इष्ट होते. पण हाका जाणणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना, विशेषतः माजी विद्यार्थ्यांना, एक काम सुचवतो. गावी जाल तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना जनावरांना बोलावण्याचे, थांबवण्याचे, पाण्यावर नेण्याचे आणि हाकलण्याचे आवाज काढून दाखवण्यास सांगावे आणि ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत. आरंभी गावाचे आणि तालुक्याचे नाव बोलून घ्यावे. कोणते जनावर, दिवसाची कोणती वेळ, पुढ्यात काय टाकले जाई, हाक पुरुष मारी की बाई, हे विचारावे. स्त्रिया कोंबड्यांना, करडांना आणि म्हशींना बोलावीत, पुरुष बैलांना, असा भेद बहुतेक ठिकाणी निघेल. तो लिहून ठेवावा. जनावरांना कोणती नावे होती आणि राखणाऱ्याला कोणत्या नावाने बोलावीत, हे दोन्ही प्रश्न एकामागोमाग विचारावेत. घरात बसून आवाज काढायला माणसे लाजतात, म्हणून शक्यतो गोठ्यात किंवा अंगणात, सांजवेळी, दाण्याची मूठ हातात देऊन ध्वनिमुद्रण करावे. फोन तोंडाजवळ धरू नये. चारपाच पावले दूर ठेवावा, कारण हाक जवळच्यासाठी नसते.

आलेल्या नोंदी शाळेच्या ग्रंथालयात जिल्हावार लावून ठेवता येतील. ज्या आवाजांना लिपी नाही ते तसेच, आवाज म्हणून, राहतील. आठवी-नववीच्या मुलांना मराठीच्या तासाला ते ऐकवावेत आणि आपापल्या घरी ते निराळे आहेत का, हे विचारावे. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीपासून आरंभ करण्यास हरकत नाही. त्या सुमारास भात कापणी उरकत आलेली असते, गुरे मोकळ्या रानात सोडलेली असतात आणि संध्याकाळी ती परत बोलवावीच लागतात.